कल्पित जीवजाती आणि संभवनीयतेचा प्रश्न

विज्ञानकथेतील परग्रहवासीयांसंबंधी वाचक आणि समीक्षक जो पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा 'असा जीव असू शकेल काय?' हा असतो. प्रश्न सरळ वाटतो, परंतु त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. एक जीवशास्त्राचा : अशा शरीराला अशा ग्रहावर जगता येईल काय? दुसरा काव्यशास्त्राचा : कथेने जे गृहीत धरले आहे त्यातून पुढचे सारे निष्पन्न होते काय? पहिल्याचे उत्तर नकारार्थी असूनही दुसऱ्याचे होकारार्थी असू शकते. उलट, पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरलेली जीवजाती दुसऱ्या कसोटीवर कोसळू शकते. शक्य असूनही न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य असूनही संभवनीय वाटणारी घटना कवीने पसंत करावी, असे ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये सुचविले आहे. विज्ञानकथेच्या समीक्षेने हा भेद वेळोवेळी गमावला आहे.

मराठीत तो गमावला जाण्यास एक स्थानिक कारणही आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली. त्यानंतरच्या मराठी विज्ञानकथेची धुरा मुख्यत्वे वैज्ञानिकांनी आणि विज्ञानप्रसारकांनी वाहिली. साहजिकच कथेतील विज्ञान बिनचूक आहे की नाही, ही कसोटी येथे प्रतिष्ठा पावली. ती गैर नव्हे. विज्ञानाच्या नावावर वाटेल ते खपविले जात असलेल्या समाजात तिला नैतिक मूल्यही आहे. मात्र जेथे कथेचा विषय एखादी अखंड जीवजाती आणि तिचा समाज हा असतो, तेथे ती अपुरी पडते. किती अपुरी, हे तिच्याच आवडत्या कादंबरीवरून दाखविता येते.

हॅल क्लेमंट यांची 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' (नियतकालिकातून १९५३, ग्रंथरूपाने १९५४) ही काटेकोर विज्ञानकथेचा नमुना मानली जाते. क्लेमंट हे शाळेत विज्ञान शिकविणारे गृहस्थ. त्यांचा मेस्क्लिन हा ग्रह स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की त्याचा दिवस सुमारे १८ मिनिटांचा होतो. त्या वेगामुळे तो चपटा झाला आहे. विषुववृत्तावर पृथ्वीच्या तिप्पट असलेले गुरुत्व ध्रुवांकडे सरकताना शेकडो पटींवर जाते. तेथील रहिवासी गोमेसारखे, अनेक पायांचे आणि हातभरही लांब नसलेले आहेत. लेखकाने जग रचावे आणि वाचकाने त्यातील चूक हुडकावी, असा हा खेळ असल्याची भूमिका क्लेमंट यांनी एका लेखात मांडली होती. वाचकांनी ती मनावर घेतली. पुढच्या हिशेबात ध्रुवीय गुरुत्वाचा कादंबरीतील आकडा पुष्कळच फुगलेला निघाला, आणि क्लेमंट यांनी तसे मोकळेपणी मान्यही केले.

म्हणजे ज्या कादंबरीचा दाखला देऊन इतरांना नापास करायचे ती स्वतःच गणितात चुकलेली आहे. तरीही मेस्क्लिनवासी पटतात. ते पटतात ते त्यांच्या भीतीमुळे. ध्रुवाकडच्या प्रदेशात वीतभर उंचीवरून पडणे म्हणजे मरण. म्हणून उंची हा त्यांच्या लेखी धोका नसून वेडेपणा आहे. डोक्यावर काही जड असणे त्यांना सहन होत नाही. त्यांच्या घरांना भिंती असतात, वर मात्र केवळ कापड ताणलेले असते. 'फेकणे' ही क्रियाच त्यांना ठाऊक नाही, कारण सुटलेली वस्तू दिसण्याआधीच जमिनीला भिडलेली असते. बार्लेनन या त्यांच्या नाविक कप्तानाला पृथ्वीवरचा माणूस सहजगत्या उचलून आपल्या वाहनाच्या टपावर ठेवतो. माणसाच्या दृष्टीने तो सौजन्याचा प्रकार असतो. बार्लेननच्या मनात त्या क्षणी जे उसळते ते वाचताना गुरुत्व नेमके किती पट आहे याचा वाचकाला विसर पडतो, आणि ते योग्यच आहे. आकडा चुकीचा असला तरी आकड्यापासून घराच्या छपरापर्यंतची आणि तेथून मनातल्या थरकापापर्यंतची साखळी कोठेही तुटत नाही.

मात्र ती साखळी तेथेच थांबते. भीती ओसरली की बार्लेनन हा कोणत्याही बंदरात भेटावा असा धूर्त, उमद्या स्वभावाचा व्यापारी कप्तान उरतो. घासाघीस कशी करावी, पाहुण्याकडून त्याच्या विद्येचे मोल कसे वसूल करावे, हे तो उत्तम जाणतो. परंतु मेस्क्लिनवर पोरे कोण वाढवितो, वृद्धांचे काय होते, मेलेल्याचे काय करतात, मालकी कशावर आणि कोणाची, याविषयी कादंबरी जवळजवळ मूक आहे. शरीर परके आणि समाज ओळखीचा, अशी ही विभागणी. काटेकोर म्हणविणाऱ्या विज्ञानकथेत ती वारंवार आढळते, आणि तिच्यात अवैज्ञानिक असे काही आहे हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या जिवाला छप्पर सहन होत नाही त्याला घर ही कल्पना माणसासारखीच कशी असेल?

एच. जी. वेल्स यांच्याकडे पाहिले तर हीच गोष्ट वेगळ्या बाजूने दिसते. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) मधील मंगळवासीयांना समाजच नाही. ते येतात, मारतात, रक्त शोषून घेतात आणि जंतूंना बळी पडतात. ती कादंबरी युरोपीय वसाहतवादाचे उलटे चित्र आहे, आणि टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराचा उल्लेख वेल्स आरंभीच करतात. १९६५ मध्ये 'मरिनर ४' या यानाने मंगळाची विवरांनी भरलेली ओसाड भूमी दाखविली तेव्हा तिचे काही बिघडले नाही. 'द फर्स्ट मेन इन द मून' (१९०१) मधील सेलेनाइट हे मात्र समाज म्हणून कल्पिलेले आहेत. थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेल्या वेल्स यांनी कीटकांच्या वसाहतीतले श्रमविभाजन घेऊन ते टोकाला नेले : प्रत्येक सेलेनाइट त्याच्या कामासाठी जन्मापासून घडविला जातो आणि त्या कामापलीकडे त्याला देहच उरत नाही. चंद्रावर मागे राहिलेला कॅव्होर पाहतो की यंत्र चालविण्यासाठी ज्यांची योजना आहे त्या पिलांना बरण्यांत कोंडलेले आहे, आणि फक्त एक पुढचा अवयव बाहेर ठेवून तेवढाच पोसला जात आहे. त्या दृश्याने तो अस्वस्थ होतो. पण लगेच त्याला वाटते की मुलांना आधी माणूस म्हणून वाढू देऊन नंतर त्यांचे यंत्र करण्याच्या पृथ्वीवरील पद्धतीपेक्षा ही पद्धत दयाळूच म्हणावी लागेल. ज्या मजुरांना काम नाही त्यांना गुंगीचे औषध देऊन निजविलेले असते, गरज पडेपर्यंत. हे वाचताना चंद्राच्या पोटात हवा असेल काय, असे कोणी विचारीत नाही. येथे परका समाज संभवनीय होतो तो बेकारी या एका ओळखीच्या प्रश्नाला त्याने दिलेल्या सुसंगत आणि भयंकर उत्तरामुळे.

डार्को सुव्हिन यांनी 'मेटामॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन' (१९७९) या ग्रंथात विज्ञानकथेची व्याख्या करताना एर्न्स्ट ब्लॉख यांच्याकडून 'नोव्हम' ही संज्ञा घेतली. नोव्हम म्हणजे कथेतले ते एक नवेपण, ज्यामुळे तिचे जग वाचकाच्या जगापासून अलग होते. हे नवेपण सजावटीपुरते असून चालत नाही. त्याने कथेतील सगळे संबंध बदलले पाहिजेत, आणि तो बदल बुद्धीला पटेल अशा तर्काने झाला पाहिजे. श्क्लोव्स्की यांच्या अपरिचितीकरणाला येथे ज्ञानात्मक अट जोडली गेली. सुव्हिन यांची मांडणी कोरडी वाटते, आणि अद्भुतकथेला त्यांनी ज्या तुच्छतेने बाजूला सारले ते आज टिकणारे नाही. परंतु 'सगळे संबंध' हा त्यांचा आग्रह मोलाचा आहे. संभवनीयता हा जिवाचा गुण नसून संबंधांचा गुण आहे, हे त्यातून निघते. औचित्याची चर्चा करताना क्षेमेंद्राला जे दिसले होते त्याच्याशी हे सर्वस्वी विसंगत नाही.

हा मुद्दा एका जुन्या कल्पनेच्या तीन रूपांवरून तपासता येईल. कल्पना अशी, की स्त्री आणि पुरुष हा भेद कायमचा नाही, किंवा मूल केवळ स्त्रीच्याच पोटी येते असे नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक लुशियन याच्या 'खऱ्या कथे'त चंद्रावर स्त्रियाच नाहीत. पुरुष पुरुषांशी लग्न करतात, पंचविशीपर्यंत पत्नी आणि पुढे पती म्हणून राहतात, आणि मूल पोटरीत वाढते. आपण सांगतो आहोत ते खोटे आहे हे लुशियनने आधीच सांगून टाकलेले असते. प्रवासवर्णनकारांची थट्टा हा त्याचा हेतू. पोटरी हसू आले की तिचे काम संपते. तिच्यामुळे चंद्रावरील राज्यकारभारात किंवा युद्धात काहीही बदलत नाही.

दुसरे रूप भारतीय आहे. इल राजा एक महिना पुरुष आणि एक महिना स्त्री होतो ही रामायणाच्या उत्तरकांडातील कथा, आणि युवनाश्व राजाने मंतरलेले पाणी पिऊन त्याच्या कुशीतून मांधाता जन्मल्याची महाभारतातील कथा मराठी वाचकाला नवी नाही. गर्भार राजा त्याला दचकवीत नाही. युवनाश्वाच्या कथेत तर एक विलक्षण जागा आहे. मूल जन्मते, आणि प्रश्न उभा राहतो की हे पिणार काय? पुरुषाला मूल झाल्यावर पुढची अडचण कोणती, हा प्रश्न कथाकाराला पडलेला आहे, आणि तोच परिणामांच्या साखळीचा पहिला दुवा होय. इंद्र आपले बोट बाळाच्या तोंडात देतो आणि साखळी तेथे तुटते. ती तुटावी हेच त्या कथाप्रकाराला साजेसे आहे. ही कथा एका राजाची आहे. शाप, वर आणि मंत्र यांनी घडलेला तो अपवाद आहे. अपवादाला समाजरचना लागत नाही.

तिसरे रूप उर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीत येते, आणि या प्रश्नाची खरी परीक्षा तेथे होते. गेथन हा कायम हिमयुगात असलेला ग्रह. तेथील माणसे महिन्यातील बहुतेक दिवस ना स्त्री ना पुरुष अशी असतात. सुमारे २६ दिवसांच्या चक्रात काही दिवस 'केमर'चे येतात. तेव्हा जोडीदाराच्या सान्निध्यात एक जण स्त्री होतो आणि दुसरा पुरुष. कोण काय होणार हे आधी ठरलेले नसते. आज ज्याने मूल जन्माला घातले तो उद्या दुसऱ्या मुलाचा बाप असू शकतो.

गृहीतक एवढेच. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ होते, आणि गृहीतकानंतर काय विचारायचे हे जणू त्या घरातूनच शिकून आल्या होत्या. केमरच्या दिवसांत कोणाला कामावर येण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे कामगारविषयक कायदा बदलला. वंश जन्मदात्या देहावरून मोजला जातो. म्हणजे वारसाहक्क बदलला. कारहाइडच्या राजाला इतरांच्या पोटी झालेली सात मुले आहेत, परंतु गादीचा खरा वारस त्याच्या स्वतःच्या देहातून यावा लागतो, आणि उतारवयात राजा गर्भ धारण करतो तेव्हा ती दरबारी राजकारणातली घडामोड असते, चमत्कार नव्हे. भावंडांतील संबंधांना मुभा आहे, पण त्यांना आजन्म व्रत घेता येत नाही, आणि मूल झाल्यावर एकत्र राहता येत नाही; म्हणजे आप्तसंबंधांचे नियम बदलले. शेजारच्या ऑर्गोरेन राज्यात श्रमछावणीतील कैद्यांना केमर येऊच नये म्हणून औषधे दिली जातात. हा शेवटचा तपशील मोठ्या ताकदीचा आहे. ज्या देहचक्रावर सारा समाज उभा आहे ते दडपून टाकणे हीच तेथील तुरुंगाची शिक्षा असणार, हे वाचकाला सांगावे लागत नाही. वाचताना ते आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते. संभवनीयतेची खूण असलीच तर ती हीच : कथेने सांगण्याआधी वाचकाच्या मनात पुढचा दुवा तयार होतो.

परंतु केवळ परिणामांची साखळी असती तर ही कादंबरी एक हुशार आराखडा ठरली असती. विज्ञानकथेत असे आराखडे विपुल आहेत : एका ग्रहावर एक राज्य, एक धर्म, एक स्वभाव, सगळे योद्धे किंवा सगळे तत्त्वज्ञ. जीवशास्त्र कितीही चोख असो, ज्या जीवजातीत मतभेद नाहीत ती न पटणारी असते. गेथनवर दोन राज्ये आहेत, आणि ती एकमेकांची नक्कल नव्हेत : एक सरंजामी, मानापमानाच्या गुंतागुंतीने बांधलेले, दुसरे नोकरशाहीचे, गुप्त पोलिसांचे. दोन परस्परविरोधी धर्म आहेत. एवढेच नव्हे, तर गेथनवर युद्ध नाही या वस्तुस्थितीच्या कारणाविषयीही कादंबरीत एकमत नाही. पूर्वी येऊन गेलेल्या एका निरीक्षक स्त्रीच्या टिपणांत याचा संबंध लिंगभेदाच्या अभावाशी जोडून पाहिला जातो, पण तेथेच ती हेही नोंदविते की या माणसांच्या जगण्यावर सर्वांत मोठा अंमल थंडीचा आहे. मग युद्ध नाही ते देहामुळे की बर्फामुळे? उत्तर मिळत नाही, आणि कथानक पुढे सरकते तसा सीमावादातून राष्ट्राभिमान पेटविणारा प्रधान सत्तेवर येतो. युद्ध नसलेल्या ग्रहावर युद्ध सुरू होण्याची वेळ आलेली असते. म्हणजे लेखिकेचे गृहीतक तिच्याच कथेत संशयास्पद ठरते. आपल्या कल्पनेला असे उघड्यावर सोडण्याचे धैर्य फार थोड्या लेखकांकडे असते.

याला निवेदकाची जोड मिळते. जेन्ली आय हा पृथ्वीवरचा पुरुष, दूत म्हणून आलेला. आणि तो चुकतो. ज्या इमारतीत तो राहतो तिच्या चौकस, गुबगुबीत व्यवस्थापकाला तो मनातल्या मनात घरमालकीण ठरवितो. तुम्हांला मुले किती, असे विचारल्यावर त्याला कळते की त्या व्यक्तीने एकही मूल प्रसवलेले नाही, बाप मात्र चौघांची आहे. एस्ट्राव्हेन या पदच्युत प्रधानावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि त्याचे कारण त्याला खूप उशिरा, हिमनदीवरच्या दीर्घ प्रवासात कळते : एस्ट्राव्हेनमधील स्त्री त्याला पाहायचीच नव्हती. वाचक निवेदकाच्या खांद्यावरून पाहत असतो आणि निवेदकाला जे दिसत नाही ते त्याला दिसू लागते. निरीक्षक चुकू शकतो म्हणजे निरीक्षकाबाहेर काहीतरी आहे, हे यातून सिद्ध होते. सर्वज्ञ निवेदकाने गेथनची माहिती सांगितली असती तर गेथन ही केवळ माहिती राहिली असती.

असे असूनही ही कादंबरी काही ठिकाणी पटत नाही, आणि ती कोठे पटत नाही हे पाहणे उद्बोधक आहे. केमरच्या शरीरशास्त्राशी कोणाचे फारसे भांडण झाले नाही. आक्षेप आला तो असा, की गेथनवासी वाचताना पुरुषच वाटतात. एस्ट्राव्हेन राजकारण करतो, ओझे ओढतो, तुरुंगातून मित्राला पळवून आणतो. तो आई असलेला, लेकराजवळ बसलेला कोठेच दिसत नाही. ले ग्विन यांनी १९७६ च्या 'इज जेंडर नेसेसरी?' या निबंधात हे स्वतःच नमूद केले आहे. येथे उणीव जीवशास्त्राची नाही. युवनाश्वाच्या कथाकाराला जो प्रश्न पडला, हे पिणार काय, तो गेथनच्या कथनात पुरेसा विचारलाच गेलेला नाही. कायदा, गादी, तुरुंग येथपर्यंत पोचलेली साखळी पाळण्यापर्यंत पोचत नाही. मुलांना सगळे मिळून वाढवितात, असे टिपणांत सांगितले जाते; परंतु सांगणे आणि दाखविणे यांतले अंतर कादंबरीत मोठे असते.

दुसरा आक्षेप सर्वनामाचा. इंग्रजीत ले ग्विन यांनी गेथनवासीयांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले. त्याचे समर्थन कादंबरीतील निरीक्षक स्त्रीच करते : वस्तुवाचक सर्वनाम माणसाला लावता येत नाही, आणि पुल्लिंगी सर्वनाम त्यातल्या त्यात कमी नेमके आहे. १९७६ मध्ये ले ग्विन यांनी ही निवड सावरून धरली. मात्र त्याआधीच, १९७५ च्या कथासंग्रहात, गेथनवरील 'विंटर्स किंग' ही कथा सुधारून घेताना त्यांनी 'राजा' हा शब्द ठेवून सर्वनाम स्त्रीलिंगी केले होते. आणि पुढे निबंधाला जोडलेल्या टीपांत मूळ समर्थन मागे घेतले. लेखिकेच्या मनातली ही ओढाताण तिच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे, तसाच तो इंग्रजी भाषेच्या मर्यादेचाही आहे.

भाषा बदलली की प्रश्नच बदलतो. मराठीत तिसरे लिंग आहे, आणि ते केवळ निर्जीवांचे नाही. मूल, पोर, लेकरू ही नपुंसकलिंगी आहेत. 'माणूस' पुल्लिंगी असला तरी त्याचे अनेकवचन 'माणसे' नपुंसकलिंगी होते. आणि 'घरचं माणूस', 'आपलं माणूस' असे म्हणताना एकवचनातही तो त्या लिंगात जातो, तेही जिव्हाळ्याने. माणसाला नपुंसकलिंग लावल्याने तो वस्तू होतो, हा निरीक्षक स्त्रीचा युक्तिवाद मराठीत लटका पडतो. एस्ट्राव्हेन प्रधान असल्यामुळे त्याच्यासाठी आदरार्थी बहुवचन योजावे लागेल, आणि तेथे आणखी एक सोय आहे : लेखी मराठीत 'ते आले' हे आदरार्थी पुल्लिंगीही आहे आणि एकवचनी नपुंसकलिंगीही. बोलीत 'आलं' म्हणताच, किंवा 'त्याने' आणि 'त्यांनी' यांतून निवड करताच ही संदिग्धता मोडते; परंतु ती काही काळ तरी टिकविता येते.

खरी अडचण वेगळीच आहे. कादंबरीतील काही प्रकरणे एस्ट्राव्हेनच्या रोजनिशीतून येतात. इंग्रजीत प्रथमपुरुषी निवेदनाला लिंग नसते, त्यामुळे तेथे सर्वनामाचा वाद आपोआप मिटतो. गेथनवासी स्वतः बोलू लागला की तो पुरुषही उरत नाही आणि स्त्रीही. मराठीत नेमके येथेच लिंग सर्वांत मोठ्याने बोलते : 'मी गेलो' की 'मी गेले'? जेन्लीच्या तोंडी 'मी गेलो' शोभते, कारण तो कायमचा पुरुष आहे आणि गेथनवासीयांना तो त्यामुळे विकृत वाटतो. एस्ट्राव्हेनच्या लेखणीतून मात्र दोन्ही रूपे खोटी ठरतील. मग अनुवादकाला कर्मणी आणि भावे प्रयोगांचा आश्रय घ्यावा लागेल. 'मी पाहिले', 'मला वाटले', 'निघावे लागले' यांत कर्त्याचे लिंग दिसत नाही. भविष्यकाळातील 'मी जाईन' मध्ये नाही, आणि जुन्या वळणाच्या रीतिभूतकाळातील 'मी जाई' मध्येही नाही. अशा रचनांनी विणलेली रोजनिशी कदाचित थोडी आडवळणाची, कर्तेपण मागे ठेवणारी वाटेल. गेथनच्या शिष्टाचारात, जेथे थेट सल्ला देणे हा अपमान समजला जातो, ती अनपेक्षितपणे शोभूनही दिसेल. परका समाज कितपत पटणार हे सांगणाऱ्या भाषेच्या व्याकरणावर इतके अवलंबून असेल, तर संभवनीयतेचा निवाडा केवळ जीवशास्त्राकडे सोपविणे किती भाबडेपणाचे आहे हे वेगळे सांगायला नको.

येथे एक रास्त हरकत घेता येईल. गेथनवासी हे काटेकोर अर्थाने परकी जीवजाती नव्हेत. कादंबरीनुसार ते प्राचीन काळी वसविलेल्या मानवांचे वंशज आहेत, आणि त्यांचे देहचक्र हा बहुधा कोणा पूर्वजांच्या प्रयोगाचा परिणाम आहे. माणसात एक फरक करून उरलेले माणूसपण तसेच ठेवले तर समाज पटणारच; ज्याच्याशी काहीच समान नाही असा जीव पटवून दाखवा, असे कोणी म्हणू शकेल.

स्टानिस्लाव लेम यांची 'सोलारिस' (१९६१) ही पोलिश कादंबरी म्हणजे या आव्हानाचा स्वीकार होय. दोन सूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहावर एकच जीव आहे, ग्रह व्यापणारा महासागर. तो ग्रहाची कक्षा स्वतःच स्थिर राखतो, आपल्या पृष्ठावर अवाढव्य आकार उभारतो आणि मोडतो. का, हे कोणालाही कळत नाही. त्याला शेजारी नाही, भाषा नाही, पिढ्या नाहीत. वर ज्या साखळीची चर्चा केली तिचा एकही दुवा येथे लागू पडत नाही. लेम यांनी महासागराला पटवून देण्याचा प्रयत्नही केलेला नाही. त्यांनी पटवून दिले आहे ते सोलारिसशास्त्र. कथानायक केल्व्हिन अंतराळस्थानकाच्या ग्रंथालयात बसून जुने खंड चाळतो, आणि पानेच्या पाने विद्वानांच्या इतिहासात जातात. महासागर सजीव आहे की नाही यावर भौतिकशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांचे तट पडलेले आहेत. कोणी त्या आकारांचे वर्गीकरण करून त्यांना नावे दिली आणि नावांनाच ज्ञान समजले. कोणी पंथ काढले. नंतरच्या पिढीने आधीच्यांची टवाळी केली. हळूहळू उत्साह आटला, पैसा आटला, आणि मोठ्या उमेदीने उभारलेल्या स्थानकावर केल्व्हिन पोचतो तेव्हा तेथे नेमलेल्या तिघांपैकी एकाचे प्रेत थंड कोठीत आहे आणि उरलेले दोघे दारे लावून बसले आहेत. कोणत्याही विद्यापीठीय विद्याशाखेत वावरलेल्या वाचकाला ही प्रकरणे अस्वस्थ करावीत इतकी खरी वाटतात. महासागराविषयी शेवटपर्यंत काही ठरत नाही. परंतु त्याच्याभोवती शंभर वर्षे वाद घालीत राहिलेल्या त्या लोकांच्या समाजाविषयी वाचकाला तिळमात्र शंका येत नाही. महासागर आहे यावर त्याचा विश्वास बसतो तो त्यांच्या भांडणांमुळेच.